फ्लाय फिशिंगचा लीडर घरी बांधायचा कसा, आणि आपल्या पाण्याप्रमाणे बदलायचा कसा

फ्लाय फिशिंग नवीन शिकणारी पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. रॉड आला, रील आली, ती जाड रंगीत लाईन पण आली, आता तिच्या पुढे जे बारीक तंगूस लावायचं ते घरात पडलेलं कुठलं पण लावलं तर चालतंय का? तंगूस ते तंगूस, त्यात काय एवढं? तर त्यात लई काही आहे, आणि माझं म्हणणं असंय की तुमचा फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला तो खोटा किडा, पाण्यावर कसा पडतो हे रॉडच्या किमतीपेक्षा त्या शेवटच्या नऊ फुटांवर जास्त ठरतं. त्या नऊ फुटाला लीडर म्हणतात, तो तुम्ही स्वतः घरी बसून बांधू शकता, आणि एकदा बांधायला जमलं की उजनी धरणावर एक, सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर एक असा पाहिजे तसा बदलू पण शकता.

आधी हे समजून घ्या की नेहमीच्या गळात आणि फ्लायमध्ये मूळ फरक काय. आपण गळ टाकतो तेव्हा पुढे शिसं असतं, फेकताना ते शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्या मागे ओढलं जातं. फ्लाय म्हणजे काय, तर गळावर दोऱ्याने बांधलेली पिसं न केस, त्याला वजनच नाही, हाताने फेकला तरी समोरच पडेल. म्हणून इथे वजन लाईनमध्ये घातलेलं असतं. लाईनला जो नंबर असतो ना, 4, 5, 6, तो या वजनाचा. 5 नंबरच्या लाईनचे पहिले 30 फूट 140 ग्रेनचे धरतात म्हणजे साधारण 9 ग्रॅम. तुम्ही रॉड मागेपुढे करता तेव्हा ही लाईन हवेत एक लूप करते आणि तो लूप उलगडत उलगडत पुढे जातो. म्हणजे लाईन फ्लायला घेऊन जाते, फ्लाय लाईनला नाही.

आता हा लूप लाईनच्या टोकाशी आला. लाईनचं टोक साधारण 1 मिमी जाड. त्याला तुम्ही थेट 0.20 चं तंगूस बांधलं, तर लाईनमधला जो जोर आहे तो पुढे घ्यायला त्या तंगूसात ना वजन आहे ना ताठपणा, ते तिथल्या तिथे गोळा होऊन पडतं आणि फ्लाय लाईनच्या टोकाजवळच पडतो. बरं, मग 0.50 चं जाड तंगूस थेट फ्लायपर्यंत लावलं तर? लूप मस्त उलगडतो, पण जोर सगळाच्या सगळा फ्लायपर्यंत पोचतो आणि फ्लाय पाण्यावर थपकन आदळतो. शिवाय जाड तंगूसाला बांधलेला बारीक फ्लाय जिवंत वाटत नाही, लाकडासारखा ओढला जातो, आणि बारीक गळाच्या डोळ्यात ते जाड तंगूस जाता जात नाही ते वेगळंच.

म्हणून लीडर जाड सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने बारीक होत जातो, याला टेपर म्हणतात. लूपमधला जोर थोडा थोडा पुढे सरकतो, वाटेत हवा त्यातला काही खात जाते, आणि फ्लायपाशी पोचेपर्यंत लीडर सरळ करण्यापुरताच उरतो. सगळं काम हेच आहे, जोर कुठे किती खर्च करायचा.

इथे एक हिशोब डोक्यात पक्का बसवा कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. तंगूसाची जाडी अर्धी केली तर वजन अर्धं होत नाही, पावपट होतं, आणि ताठपणा तर सोळाव्या भागावर येतो. 0.50 आणि 0.25 ही दोन तंगूसं हातात घेऊन टोकाला धरून आडवी करून बघा की, एक उभं राहतंय आणि दुसरं लगेच मान टाकतंय. त्यामुळे कागदावर ‘थोडंसं बारीक’ वाटणारा फरक लीडरमध्ये फार मोठा असतो. एकदम जाडावरून बारीकवर उडी मारली की त्या गाठीपाशी बिजागरी तयार होते, लूप तिथे येऊन मोडतो आणि पुढचा भाग लोंबतो.

लीडरचे ढोबळ तीन भाग. लाईनला लागून जाड भाग तो बट, मधला भरभर बारीक होत जाणारा तो टेपर, आणि शेवटी एकाच जाडीचा बारीक तुकडा ज्याला फ्लाय बांधतो तो टिपेट. किती लांबी कुणाला द्यायची याचं सगळ्यात चालणारं सूत्र 60-20-20, म्हणजे शंभरातले साठ बट, वीस टेपर, वीस टिपेट. हे सूत्र चार्ल्स रिट्झ यांच्या नावाने ओळखलं जातं, पॅरिसच्या रिट्झ हॉटेलवाल्या घराण्यातले, मासेमारीचे जबरदस्त नादी. यावर सगळ्यांचं एकमत आहे असं अजिबात नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचे जॉर्ज हार्वे यांनी मुद्दाम कमी ताठ बट आणि लांब मऊ टिपेट असलेला लीडर केला, का तर वाहत्या पाण्यात टिपेट ढिल्या वळणांत पडावं आणि फ्लाय प्रवाहाबरोबर मोकळा वाहावा, लाईनने त्याला ओढू नये. ट्राउट माशाच्या नदीला ते एकदम बरोबर. पण आपल्याकडे मुख्यतः तलाव आणि धरणाचं पाणी, प्रवाह जवळपास नाही आणि वारा भरपूर, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, सोलापूर भागात सुरुवात रिट्झच्या बाजूने करा, बट भक्कम ठेवा.

आता जाडीचे आकडे. पाकिटावर 3एक्स, 4एक्स, 5एक्स असं लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस तिथेच अडकतो, कारण आकडा वाढतो तसं तंगूस बारीक होतं. सोलापूरच्या माणसाला हे अवघड जायला नको खरं म्हणजे, कारण आपल्या लूमवर सुताचा काउंट असाच चालतो, 40 नंबरचं सूत 20 नंबरपेक्षा बारीक. काउंट म्हणजे एका पौंडात 840 यार्डाच्या किती लडी बसतात ते, सूत जितकं बारीक तितक्या लडी जास्त. एक्सचं मूळ वेगळं आहे पण दिशा तीच. नायलॉन यायच्या आधी लीडर रेशीमकिड्याच्या पोटातल्या रेशीम ग्रंथी ताणून केलेल्या तंतूचे असायचे, स्पेनमधलं मुर्सिया त्यासाठी प्रसिद्ध होतं. तो तंतू बारीक करायला छिद्रातून ओढून घ्यायचे, एकदा ओढला की 1एक्स, दोनदा ओढला की 2एक्स. वापरायच्या आधी तो भिजवून मऊ करावा लागायचा, कोरडा असताना गाठ मारली की तडकायचा. 1938 ला ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत रेशमाचा तंतू मागे पडला, एक्स मात्र राहिला.

एक्सवरून जाडी काढायची सोपी रीत म्हणजे 11 मधून एक्सचा आकडा वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात येतं. 3एक्स म्हणजे 8 हजारांश इंच, मिमीत 0.20. 4एक्स म्हणजे 7, मिमीत 0.18. 5एक्स म्हणजे 6, मिमीत 0.15. आपल्याकडच्या दुकानात तंगूसाची रिळं मिमीमध्येच मिळतात, त्यामुळे तुम्ही सरळ मिमीत विचार करा, एक्स फक्त विकतचं पाकीट वाचण्यापुरता ठेवा. आणि एक्स ही जाडी आहे, ताकद नाही, एका कंपनीचं 4एक्स दुसऱ्या कंपनीच्या 4एक्सपेक्षा बरंच जास्त वजन पेलू शकतं.

रिळावर छापलेल्या जाडीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्वस्त रिळात 0.20 लिहिलेलं 0.23 निघू शकतं, आणि वर सांगितलेला सोळाव्या भागाचा हिशोब आठवला तर तेवढ्याने पण लीडरचा स्वभाव बदलतो. आपल्याकडे यावर उपाय सोपा आहे, चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणी ना कुणी ओळखीचा टर्नर, फिटर असतोच, त्याच्याकडे मायक्रोमीटर असतो. प्रत्येक रिळाचं तीन-चार ठिकाणी माप घ्या, मागची रॅचेट फिरवूनच घ्या, नुसतं बोटाने आवळलं तर नायलॉन दबतं आणि माप कमी दाखवतं. जे माप येईल ते मार्करने रिळावर लिहून टाका, छापलेलं विसरा. व्हर्नियरने पण अंदाज येतो पण इतक्या बारीक फरकाला मायक्रोमीटर तो मायक्रोमीटर.

आता प्रत्यक्ष बांधणी. 5 किंवा 6 नंबरच्या लाईनसाठी, चिलापीसारख्या माशाला, 9 फुटी लीडर धरू म्हणजे 275 सेंमी. बटची जाडी लाईनच्या टोकाच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत धरतात, म्हणून 0.55 पासून सुरू करू. 0.55 चं 60 सेंमी, मग 0.50 चं 45, मग 0.45 चं 35, मग 0.40 चं 25, हे झालं 165 सेंमी म्हणजे बट. पुढे 0.35 चं 20, 0.30 चं 20, 0.25 चं 15, हा 55 सेंमीचा टेपर. आणि शेवटी 0.20 चं 55 सेंमी टिपेट. ही गाठी मारून झाल्यावरची लांबी आहे, त्यामुळे कापताना प्रत्येक गाठीसाठी दोन्ही बाजूंना दहा-बारा सेंमी जादा ठेवा.

बघितलं तर यात सात गाठी आहेत आणि प्रत्येक ठिकाणी उतार 0.05 मिमीचा. पण 0.05 चा अर्थ सगळीकडे सारखा नाही. 0.55 वरून 0.50 ला येणं म्हणजे जेमतेम अकरावा भाग कमी, आणि 0.25 वरून 0.20 म्हणजे पाचवा भाग कमी. म्हणजे जाड भागात तुम्ही उगाच जास्त गाठी मारताय. म्हणून हात बसला की 0.50 आणि 0.40 वगळून 0.55, 0.45, 0.35 असा बट-टेपर करा, दोन गाठी वाचतात आणि उतार फार तिखट होत नाही. 0.30 च्या खाली मात्र 0.05 पेक्षा फार मोठी उडी नको. तिथे बारीक तंगूस जाडाला कापतं आणि गाठ सुटते ती तिथेच सुटते.

गाठींपैकी मधल्या सगळ्या जोडांना ब्लड नॉट. दोन तुकड्यांची टोकं एकमेकांवर विरुद्ध दिशेने ठेवायची, दहा-बारा सेंमी एकमेकांवर येऊ द्यायची. एक टोक दुसऱ्या तुकड्याभोवती पाच वेढे फिरवायचं, जाड तंगूस असेल तर चार पुरे, आणि ते टोक परत मागे आणून दोन तुकडे जिथे एकत्र आलेत त्या मधल्या फटीतून काढायचं. आता ती फट अंगठा न बोटात दाबून धरायची, सोडायची नाही, आणि दुसऱ्या टोकाचे तेवढेच वेढे दुसऱ्या बाजूला घालून ते पण त्याच फटीतून काढायचं पण उलट्या बाजूने, म्हणजे एक टोक वर निघालं असेल तर दुसरं खाली. मग तोंडातल्या थुंकीने गाठ ओली करायची आणि दोन्ही मोठ्या बाजू सावकाश, एकसारख्या ओढायच्या. वेढे डोळ्यादेखत एकाशेजारी एक येऊन बसतात, दोन्हीकडे सारखी गुंडाळी दिसते आणि मध्ये दोन टोकं काटकोनात बाहेर आलेली दिसतात. वेढे एकमेकांवर चढले असतील तर ती गाठ कापून टाका, ओढून ओढून ती सरळ होणार नाही. ओली करायची कारण कोरडं तंगूस घासून तापतं आणि तापलेलं नायलॉन तिथेच कमकुवत होतं, गाठ वरून छान दिसते आणि मासा लागला की जाते.

टिपेट जोडायला सर्जन नॉट जास्त सोपी, तलावाच्या काठावर ऊन डोक्यावर असताना ब्लड नॉट मारत बसायला नको. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवा, दोन्ही मिळून एक साधी गाठ मारायला घ्या, पण टोक एकदा काढायच्या ऐवजी दोनदा, तीनदा त्या फासातून काढा, ओलं करा, चारही टोकं एकत्र ओढा. झालं. जोड थोडा जाडा होतो, पण जाडीत फरक जास्त असला तरी धरतो. बटच्या वरच्या टोकाला परफेक्शन लूप नावाचा गाठीचा फास घाला, तो लीडरच्या रेषेत सरळ बसतो, वाकडा राहत नाही, आणि लाईनच्या टोकाला असलेल्या तशाच लूपमध्ये अडकवता येतो. अडकवताना दोन्ही लूप एकमेकांत सारखे गुंतले पाहिजेत, एक दुसऱ्याच्या गळ्याला आवळून बसला तर जोड जाड होतो आणि लाईनचं प्लास्टिक कापतो.

बांधून झाला की लगेच धरणावर पळू नका. आधी जोड तपासा, लाईन आणि बट जिथे मिळतात ते हातात धरून दोन्हीकडून आत ढकला, एकच गोल कमान झाली पाहिजे. जोडापाशी कोपरा पडला तर बट मऊ आहे किंवा जास्त ताठ आहे. मग एखाद्या गवताच्या मैदानावर जा, फ्लायच्या जागी लोकरीचा छोटा झुबका बांधा, आणि नेहमीच्या अंतरावर टाकून बघा. हा भाग लोक टाळतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सूत्र फक्त सुरुवात करून देतं, तुमचा हात, तुमचा रॉड, तुमचा फ्लाय त्या सूत्राला माहीत नसतो. झुबका लाईनपाशी ढिगात पडतोय, पुढचे दोन-तीन फूट उलगडतच नाहीत, तर टिपेट लांब झालंय, दहा सेंमी कापा, परत टाका, परत दहा सेंमी. मधूनच लीडर मोडल्यासारखा दिसतोय तर ती गाठ शोधा जिथे मोडतोय, तिथे उतार मोठा आहे. झुबका आदळतोय, तर उलट करा, टिपेट लांब करा किंवा एक टप्पा बारीक घ्या. आणि टाकताना मागून कडाक् असा आवाज येतोय तर त्यात लीडरचा दोष नाही, मागची लाईन उलगडायच्या आत तुम्ही रॉड पुढे आणताय.

फ्लाय बांधल्यावर अजून एक गोष्ट दिसते, टिपेट पीळ पडून गुंडाळत जातं. मोठा, पसरट फ्लाय हवेत भिंगरी फिरतो आणि बारीक टिपेट त्याला आवरू शकत नाही. त्यासाठी गळाच्या नंबरला 3 ने भागा, जवळपास तेवढं एक्स घ्या. 12 नंबरच्या गळाला 4एक्स, 10 नंबरला 3एक्स. गळाचा नंबर पण वाढला की गळ बारीक होतो हे लक्षात असू द्या.

विकतचा लीडर घेतला तर वाईट काही नाही, कारखान्यात एकसंध ओढून केलेला असतो, गाठ नसते, टेपर सुरेख असतो. पण तो वापरायची पद्धत बहुतेकांची चुकते. 9 फूट 4एक्सचा लीडर काढला, फ्लाय बांधला, बदलला, परत बदलला, दर वेळी आठ-दहा सेंमी तंगूस जातं, आणि चार-पाच फ्लाय बदलले की टिपेट संपून तुम्ही टेपरच्या जाड भागात आलेले असता. पाकीट अजून 4एक्स म्हणतंय आणि हातात 2एक्स आहे, मग मासे का बिचकतायत म्हणून फ्लाय बदलत बसायचं, आणि बदलताना लीडर अजून आखूड, अजून जाड. याला उपाय म्हणजे नवीन लीडरला पहिल्याच दिवशी पुढे 40-50 सेंमीचा त्याच जाडीचा टिपेटचा तुकडा सर्जन नॉटने जोडा आणि जे काय कापायचं ते त्या तुकड्यातूनच कापा. तो बोटभर उरला की नवीन तुकडा जोडा. मूळ टेपर महिनोन्महिने शाबूत राहतो. हवं तर टिपेट रिंग लावा, 2 मिमीची बारीक कडी असते, एका बाजूला लीडर, दुसऱ्या बाजूला टिपेट, मग दर वेळी लीडर झिजतच नाही.

जुना झिजलेला लीडर पण फेकू नका. मायक्रोमीटरने टोक मापा, 0.28 आलं तर पुढे 0.25 चं 20 सेंमी आणि 0.20 चं 55 सेंमी लावलं की परत नवा. लीडर लांब करायचा तर नुसतं टिपेट वाढवत जाऊ नका, वरून बट पण वाढवा, नाहीतर 60-20-20 चा तोल जातो. आखूड करायचा तर टेपरचा तुकडा काढू नका, बट आणि टिपेटमधून कमी करा.

आता आपल्या पाण्याचं. उजनीचा फुगवटा म्हणजे भीमेवरचं उघडं पाणी, आडोसा नाही, आणि दुपारनंतर वारा सुटला की 9 फुटी लीडर परत तोंडावर येतो. तिथे मी 7 फुटाच्या आसपास जातो, 0.55 चं 75 सेंमी, 0.45 चं 45, 0.35 चं 25, मग 0.30 आणि 0.25 चे पंधरा-पंधराचे दोन तुकडे, आणि टिपेट 40 च. टिपेट आखूड असल्यामुळे फ्लाय थोडा जोरात पडतो, पण वाऱ्याने पाण्यावर लाटा असतात तेव्हा माशाला ते कळत नाही. उलट हिवाळ्यात सकाळी सकाळी हिप्परग्याचं पाणी आरशागत सपाट असतं, तिथे हाच लीडर नेला तर पहिल्या टाकण्यात चिलापी पांगते. तिथे 9 फुटीच, वर टिपेट 80-90 सेंमी आणि 0.18 चं. चिलापी किनाऱ्याला उथळ पाण्यात घरटी करते, नजर तेज असते, सावली जरी पडली तरी हलते, तिला लाईनचं टोक लांब ठेवलेलं बरं.

उन्हाळ्यात दुसरी अडचण, शेवाळ. उजनीचं पाणी हिरवं होतं आणि गाठीगाठीचा लीडर ते शेवाळ कंगव्यासारखं गोळा करतो, दोन-तीनदा टाकलं की प्रत्येक गाठीवर हिरवा गोळा, मग टेपर कसला न काय कसलं. अशा दिवसात सगळा हट्ट सोडून बिनगाठीचा विकतचा लीडर लावा आणि फक्त टिपेटची एक गाठ ठेवा. गाठीचाच वापरायचा असेल तर टोकं अगदी लगत कापा आणि गाठीवर यूव्ही रेझिनचा, म्हणजे यूव्ही दिव्याने घट्ट होणाऱ्या गोंदाचा, पातळ थेंब देऊन गुळगुळीत करा, फरक पडतो. जलपर्णीच्या कडेने टाकायचं तर हे आणखीच महत्त्वाचं.

मरळीचा विषय वेगळा. मरळ बारीक फ्लायला नाही, केसांनी बांधलेल्या मोठ्या बेडूक-फ्लायला न पाण्यावर आवाज करणाऱ्या पॉपरला येते, तो बेडूक हवेत जाताना प्रचंड अडतो आणि मासा लागला की थेट गवतात घुसतो. तिथे नाजूकपणाला काही अर्थ नाही. 8 नंबरची लाईन आणि तीनच तुकडे, 0.60 चं 100 सेंमी, 0.50 चं 50, 0.40 चं 40, सहा फुटांच्या थोडं वर होतो, संपला लीडर. मरळीला दात असतात म्हणून दर माशानंतर शेवटचा वीतभर भाग बोटात धरून खालीवर फिरवा, खरखर लागली की कापून परत बांधा. आणि मरळीभोवती पिल्लांचा लालसर घोळका वर येताना दिसला तर तिथे टाकू नका. आईबाप पिल्लं राखत असतात म्हणूनच ती चिडून घेतात, ती काढली तर घोळका इतर माशांच्या पोटात जातो. तलाव ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा उतरायच्या आधी विचारून घेणं पण आलंच.

नायलॉन की फ्लोरोकार्बन यावर लोक लई भांडतात. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा जड, घनता 1.78 च्या आसपास, नायलॉनची 1.14, म्हणून ते लवकर बुडतं. पाण्यात थोडं कमी दिसतं, घासायला जास्त टिकतं, पाणी पीत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला ते उलट नडतं, फ्लायचं नाक खाली ओढतं. म्हणून माझ्याकडे लीडर सगळा नायलॉनचा, आणि बुडणारा फ्लाय असेल तरच टिपेट फ्लोरोकार्बनचं. बट करायला फ्लोरोकार्बन घेणं म्हणजे महाग वस्तू अशा जागी लावणं जिथे तिचा काही उपयोग नाही.

सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 ला जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. नायलॉन ऊन आणि उष्णतेने कमकुवत होतं, वरून काहीच दिसत नाही. डिकीत उन्हाळाभर राहिलेलं रीळ पावसाळ्यात वापरायला काढू नका, निदान टिपेटसाठी तरी नाही. बांधलेले लीडर छोट्या कागदी पाकिटात गोल गुंडाळून, वर लांबी, शेवटची जाडी आणि कशासाठी बांधला ते लिहून, घरात कपाटात अंधारात ठेवा. पाकिटातून काढला की वेटोळी राहतात, ती जायला लीडर ताणून धरून बोटाच्या चिमटीतून हळूहळू ओढा, थोडी ऊब लागली की सरळ होतो, पण जोरात घासू नका, परत तोच तापण्याचा प्रश्न. टाकता टाकता हवेतच एखादी साधी गाठ पडते, वाऱ्यात तर हमखास, तिला सोडून द्यायचं नाही, अशा गाठीने टिपेटची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सुटत असेल तर सोडवा, घट्ट बसली असेल तर कापून नवीन टिपेट.

आणि कापलेले तुकडे. एक लीडर बांधताना, बदलताना बरंच तंगूस कापलं जातं, ते सगळं खिशात झिपवाल्या पिशवीत टाका, काठावर एक तुकडा पण सोडू नका. हिवाळ्यात उजनीला रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो येतात, हिप्परग्याला पाणपक्षी उतरतात, चिखलात पाय टाकत चालणारे हे पक्षी, त्यांच्या पायाला तंगूस गुंडाळलं की त्यांना ते सोडवता येत नाही आणि नायलॉन वर्षानुवर्षं कुजून नाहीसं होत नाही. पिशवी घरी आणा, तुकडे बारीक बारीक कापा आणि मगच कचऱ्यात टाका, म्हणजे डेपोवर पण त्यात कुणी अडकणार नाही.